गोव्यात कॉम्प्युटर घेताय? आधी तो कुठे बसणार ते ठरवा, मग मॉडेल बघा

गणेश चवथीच्या ऑफर लागल्या की आमच्याकडे एकच प्रश्न फिरायला लागतो, ५० हजारात कुठला लॅपटॉप चांगला. मी उलट विचारतो, तो घराबाहेर जाणार आहे का? दहातले सात-आठ जण म्हणतात, छे, हॉलमधल्या टेबलावरच असणार, पोरांचा अभ्यास आणि माझं थोडं ऑफिसचं काम. मग लॅपटॉप कशाला हवाय तुम्हाला? यावर जरा शांतता, आणि मग उत्तर येतं, सगळे तोच घेतात ना.

सगळे घेतात हे कारण नाही. ब्रँड, प्रोसेसर, रॅम या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट ठरवायची, मशीन हलणार की एका जागी बसणार. हलणार असेल तर लॅपटॉप, त्यावर चर्चाच नको. बसणार असेल तर डेस्कटॉप, त्यात तेवढ्याच पैशात मोठा स्क्रीन, नीट कीबोर्ड आणि बिघडल्यावर सुटा पार्ट बदलता येईल असं मशीन मिळतं, आणि हा शेवटचा मुद्दा गोव्यात फार मोठा आहे कारण इथे वस्तू वापरून कमी आणि हवेने जास्त खराब होतात.

लॅपटॉपचा कीबोर्ड गेला तर कित्येक मॉडेलमध्ये वरचा सगळा भाग काढावा लागतो आणि बिल तीन-चार हजारांवर जातं, डेस्कटॉपचा कीबोर्ड गेला तर बाजारात जाऊन पाचशे-सातशे रुपयांत नवा आणायचा, कोणाला विचारायलाही नको. लॅपटॉपचा हिंज तुटला, बॅटरी फुगली, चार्जिंगची पिन सैल झाली, ही सगळी दुखणी हलणाऱ्या मशीनची, आणि न हलवता ती आपण विकत घेतो. वर दिवसाचे सहा तास मान खाली घालून बसायचं ते वेगळंच.

वीज, पाऊस, मुंग्या

आता लॅपटॉपच्या बाजूने जो एकमेव जोरदार मुद्दा आहे तो आधी बोलून टाकतो, वीज. जूनमध्ये फांद्या तारांवर पडायला लागल्या की सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण अशा भागात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला फरक पडत नाही. डेस्कटॉप मात्र फट्कन बंद, आणि टॅलीत एंट्री चालू असताना बंद झाला तर डेटा रिपेअर करत बसायचं.

पण यावर उपाय फार महाग नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. त्यात बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर, प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मं धरा. मोठा टॉवर आणि मॉनिटर मिळून १०० वॉट खात असतील तर पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे सेव्ह करून बंद करण्यापुरतं. मिनी पीसी आणि २२ इंची मॉनिटर मिळून ४० वॉटच्या आतबाहेर घेतात, तिथे तोच यूपीएस अर्धा-पाऊण तास खेचतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे हिशेबात धरा. यूपीएस सहा वर्षांचा, बॅटरी पहिलीच, आणि वर तक्रार की दोन मिनिटंसुद्धा चालत नाही, असंही बघायला मिळतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना ईको आणि यूपीएस असे दोन मोड असतात. ईकोवर असेल तर वीज गेल्यावर बदल होईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि लोक समजतात इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालतच नाही. यूपीएस मोडवर टाका, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, जुने स्क्वेअर वेव्हवाले असतात त्यांच्यावर काही पॉवर सप्लाय गुणगुणतात, काही चालतच नाहीत.

दुसरं अर्थिंग, याच्याकडे कोणी बघतच नाही. जुनं घर, चिऱ्याच्या भिंती, वायरिंग कधीतरी आजोबांच्या काळातलं, आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घातलेला. मग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मेटल बॉडीच्या लॅपटॉपलाही चार्जिंगला असताना अशी बारीक झिणझिण जाणवते आणि माणूस लॅपटॉप परत करायला निघतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दाखवतो ते मीटरवर बघायला सांगा, दोन-तीनच्या आत असलं की ठीक, त्याच्या वर असेल तर आधी अर्थिंग करून घ्या आणि मगच मशीन घरात आणा. उन्हाळ्यात जांभी माती कोरडीठाक पडते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, हे जुन्या लोकांना माहीत असतं, फ्लॅटवाल्यांना नसतं.

विजांचं वेगळं. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात आणि मग परतीचा पाऊस जाताना, हे दोन काळ वाईट. ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, वीज जवळ पडली तर साधा यूपीएस स्वतःलाच वाचवू शकत नाही. प्लगबरोबर लॅन केबलसुद्धा काढा. फायबर काचेचं असतं, त्यातून झटका येत नाही, पण राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल तांब्याची आणि काही ठिकाणी तर केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यापासून घरापर्यंत तांब्याचीच असते. मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट तेवढा जळालेला आणि बाकी सगळं ठणठणीत, असं मशीन दर पावसाळ्यात बघायला मिळतं.

मग दमट हवा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत हवेतला ओलावा ८५-९० टक्के, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते तिथे सर्किट बोर्डाचं काय होत असेल. यावरचा उपाय म्हणजे मशीन वापरत राहणं. रोज तासभर चालू राहिलं की आतल्या उष्णतेने ओलावा उडतो. जे मशीन कपाटात बॅगेत घालून ठेवलंय तेच पहिलं मरतं. घरातला माणूस बोटीवर किंवा गल्फमध्ये आणि घर सहा-सहा महिने बंद, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी लॅपटॉप निम्म्या चार्जवर बंद करून हवाबंद डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवावा. डेस्कटॉपवर प्लास्टिकचं कव्हर घालून घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी सायबरएज योजनेतला कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आला होता त्यांना आठवत असेल, मॉनिटरला भरतकामाचं कव्हर, सीपीयूला वेगळं, कीबोर्डला वेगळं, देव्हाऱ्यासारखा थाट, आणि दोन पावसाळ्यांत आतले स्क्रू गंजलेले.

मोरजी, कळंगुट, कोलवा असं समुद्राच्या काठी राहत असाल तर खारट वारा यूएसबी पोर्ट आणि स्क्रू खातो, तिथे फॅन नसलेलं किंवा कमी हवा ओढणारं मशीन जास्त टिकतं. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात उलटं, तिथे लाल धूळ, वर्षातून दोनदा ब्लोअर मारावाच लागतो, त्यामुळे सहज उघडता येईल असं मशीन हवं.

आणि मुंग्या. हसू नका. पावसात मुंग्या कोरडी ऊबदार जागा शोधतात आणि कॅबिनेटसारखी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरून चिकटते आणि स्फोट झाल्यासारखा आवाज येऊन सगळं बंद. एकदा एका क्रेडिट सोसायटीचा कॉम्प्युटर उघडला तर एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या जाळीत पालीची दोन अंडी आणि रॅमच्या स्लॉटमध्ये मुंग्यांची माती, वर टेबलाखाली चहाचा डाग. टॉवर घेतलात तर मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या जागेवर आहेत ना बघा, उघड्या राहिल्या असतील तर बंद करून घ्या, डबा जमिनीवर ठेवू नका, फूटभर तरी उंच हवा. आमच्याकडे खालच्या मजल्यावर पाणी शिरणं ही काही विशेष बातमी नाही.

मग घ्यायचं काय

टॉवर, म्हणजे आपला नेहमीचा मोठा सीपीयू. व्हिडिओ एडिटिंग, गेमिंग, इंटिरिअरचं थ्रीडी काम, असं ग्राफिक्स कार्ड लागणारं काही करत असाल तरच. भजनी मंडळाचे आणि जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ शूट करून चॅनेलवर टाकणारी बरीच पोरं आता गावागावात आहेत, त्यांनी गेमिंग लॅपटॉपच्या मागे न लागता टॉवर असेंबल करून घ्यावा, त्याच पैशात थंड चालतो, हार्डडिस्क वाढवता येते, तीन वर्षांनी नुसतं कार्ड बदललं की झालं. मात्र पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा घ्या, असेंबल करणारा पैसे वाचवतो ते तिथेच, आणि आपल्या विजेवर तोच पार्ट सगळ्यात आधी जातो.

मिनी पीसी, हातावर मावेल एवढा चपटा डबा. घर, दुकान, क्लिनिकचं काउंटर, शाळेचं ऑफिस, इथे माझं पहिलं मत याला. मॉनिटरच्या मागे स्क्रूने अडकवता येतो, जमिनीवर काही नाही, वीज कमी खातो. इंटेल एन१०० चिपवाले स्वस्तातले मिनी पीसी बिलिंग, ब्राउझर, व्हॉट्सॲप, पोरांचे व्हिडिओ यांना पुरतात, एकाच वेळी वीस टॅब उघडणाऱ्याला मात्र पुरत नाहीत. थोडे जास्त घालून आय३ किंवा आय५चा घेतला तर सहा-सात वर्षं बघायला नको.

ऑल-इन-वन दिसतो छान, रिसेप्शनवर शोभतो, म्हणून हॉटेलवाले घेतात. पण स्क्रीन गेली की कॉम्प्युटर गेला आणि कॉम्प्युटर गेला की स्क्रीनही गेली. आतले पार्ट लॅपटॉपचेच, बॅटरी मात्र नाही, म्हणजे दोन्हीकडचे तोटे एकत्र. मी तरी कोणाला सांगत नाही.

क्रोमबुक आणि टॅब लहान मुलाच्या ऑनलाइन क्लासपुरते ठीक, टॅली, सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन यातलं एक जरी लागणार असेल तर नको.

मॅकचं लोक फार घाबरत घाबरत विचारतात. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा भारतात किंमत ५९,९०० होती, १६ जीबी रॅमसकट, आणि डिझाइन, संगीत, व्हिडिओवाल्यांना त्या पैशात एवढं शांत आणि वेगवान दुसरं मिळणं कठीण. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आपला आपण लावायचा. पण अकाउंटंट असाल तर लांबच राहा, टॅलीप्राइम मॅकवर थेट चालत नाही. छपाईवाले, लग्नपत्रिका-बॅनरवाले यांनीही जपून, जुन्या फाइल श्रीलिपी किंवा आकृती या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर ते सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल विंडोजवरच नीट चालतं. नुसतं मराठी युनिकोडमध्ये टाइप करायचंय तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येही फुकट आहे आणि मॅकमध्येही.

आता सेकंडहँड. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळी मशीनं एकदम काढतात, ती पुणे-मुंबई-बेंगळुरूहून साफ होऊन विकायला येतात आणि हा खरंच चांगला सौदा असतो, ऑफिसातली मशीनं एसीत राहिलेली, धूळ नाही, खार नाही. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर ही नावं लक्षात ठेवा. पण इथे एक फसगत फार चाललीय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा (पिढीचा) किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विकणारे काय करतात, सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकतात आणि लिहितात विंडोज ११ रेडी. स्क्रीनवर ११ दिसतंय म्हणून खूश होऊ नका, प्रोसेसरचा नंबर बघा. आय५-८५००टी असेल तर आठवी जनरेशन, घ्या. आय५-७५००टी असेल तर सातवी, निम्म्या किमतीत दिला तरी विचार करा. ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो आणि थिंकसेंटर एम७१०क्यू ही जुन्या जनरेशनची, ३०६० आणि एम७२०क्यू ही आठवीवाली, बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात.

लॅपटॉपच हवा असेल तर

कॉलेजला जाणारी मुलं, ऑडिटला क्लायंटकडे फिरणारे, दोन घरं सांभाळणारे, घरून काम पण महिन्यातून चार दिवस बेंगळुरू, यांना लॅपटॉपच. कदंब बसच्या गर्दीत उभं राहून फर्मागुढीला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराला अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि वीटभर चार्जर देऊ नका, दुसऱ्या महिन्यापासून तो घरीच राहतो. दीड किलोच्या आतबाहेर, १४ इंच, टाइप-सीवर चार्ज होणारा बघा. आणि ॲडमिशन झाल्या झाल्या दुकानात पळू नका, आधी ब्रँच काय मिळतेय, सॉफ्टवेअर काय लागणार ते सीनियरना विचारा, सिव्हिल-मेकॅनिकलचं वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं.

टॅलीवाल्याने १५.६ इंची आणि उजवीकडे नंबरांचा पॅड असलेला घ्यावा, त्याशिवाय दिवसभर आकडे मारणं म्हणजे शिक्षा आहे. होमस्टेवाल्यांना बुकिंग आणि गेस्टची नोंद एवढंच तर साधा आय३ पुरे, वाचलेले पैसे वायफायला लावा, गेस्ट तक्रार त्याची करतात.

लेबल वाचायचं कसं ते सांगतो, इथेच दुकानदार बोलण्यात गुंडाळतो. नुसतं आय५ म्हटल्याने काही कळत नाही. आय५-१२३५यू मधले पहिले दोन आकडे १२ म्हणजे बारावी जनरेशन, शेवटी यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच असेल तर जास्त ताकद, जास्त गरम, बॅटरी लवकर संपणार. नंतर इंटेलने नावंच बदलली, आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ असं असतं, त्यात जुना आय गेलाय.

एएमडीचं तर आणखी गमतीशीर. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, शेजारी शेजारी ठेवलेले, किंमतीत थोडासा फरक, कोणालाही वाटेल दहाच आकड्यांचा तर फरक. या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा खरी गोष्ट सांगतो, २ म्हणजे झेन २ हे २०१९ मधलं जुनं डिझाइन, ३ म्हणजे त्याच्या पुढचं झेन ३, आणि ७५२०यू ला चारच कोअर तर ७५३०यू ला सहा. शिवाय ७५२०यू वाल्यात रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. म्हणजे ८ जीबीचा घेतला की मरेपर्यंत ८ जीबीच. सेलमध्ये सगळ्यात मोठी सूट बहुधा याच्यावर असते, का ते आता कळलं असेल.

सेलेरॉन एन४०२० वाले लॅपटॉप अजून विकले जातात, २०-२२ हजारात नवाकोरा म्हणून घेतात बिचारे. दोन कोअर, ४ जीबी रॅम, ईएमएमसी हे हळू चालणारं स्टोरेज. त्याच पैशात वर सांगितलेला आठव्या जनरेशनचा जुना मिनी आणि मॉनिटर येतो.

रॅम कमीत कमी ८ जीबी, पाच-सहा वर्षं चालवायचा असेल तर १६. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केल्यामुळे रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे आता ८ घेऊ मग बघू हा जुना हिशेब नेहमीच बसतो असं नाही. तरी एक स्लॉट रिकामा असेल असंच मॉडेल बघा. स्टोरेज एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी, फोटोसाठी वेगळी हार्डडिस्क. स्क्रीन आयपीएस हवी, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात, आणि ब्राइटनेस २५० निट्स लिहिलं असेल तर बाल्कनीत बसून काम करायचं स्वप्न सोडा, ३०० च्या वर असेल तर जरा बरं. बॅटरी किती तास हे कंपनी सांगते ते सोडून द्या, वॉट-अवर बघा, ४० च्या खाली असेल तर चार्जर कायम बरोबर न्यावा लागणार. आणि सतत चार्जिंगला लावून वापरणार असाल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, बहुतेक सगळ्या कंपन्या हे देतात, बॅटरी फुगायची भीती बरीच कमी होते.

कुठून घ्यायचं, बिलाचं काय

ऑनलाइन स्वस्त पडतं, नाही असं नाही. पण वॉरंटी ऑनसाइट आहे की स्वतः घेऊन जायची ते बघूनच पैसे भरा. सर्व्हिस सेंटरं बहुतेक पणजी, म्हापसा, मडगाव याच पट्ट्यात, काणकोण किंवा वाळपईच्या माणसाला एकदा द्यायला, एकदा पार्ट आला नाही हे ऐकायला आणि एकदा आणायला अशा तीन खेपा पडतात, तेवढ्या पेट्रोलात आणि बुडालेल्या दिवसांत ऑनलाइनची सूट गेली. ऑनसाइटमध्ये माणूस घरी येतो, हजार-दीड हजार जास्त पडले तरी धंद्याच्या मशीनला मी तेच घ्यायला लावतो. गावातल्या दुकानदाराकडून घेतलं तर पाच टक्के जास्त पडेल, पण चवथीच्या आदल्या दिवशी प्रिंटर चालेना झाला की फोन त्यालाच करणार आहात ना? त्याची किंमत धरा.

धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या, कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, साठ हजारांच्या बिलात ते नऊ हजारांच्या वर जातं. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्माच, म्हणून टॅक्स वाचवायचा म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पळापळ करणाऱ्यांना पहिल्या वर्षी २० टक्केच मिळतात. दिवाळीपर्यंत थांबायचं की चवथीलाच घ्यायचं यातही हे आलंच, ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस ओलांडले की १८० दिवस भरत नाहीत. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

मशीन हातात आल्यावर दुकानातच चालू करून बघा, लाजू नका. सेटिंगमध्ये सिस्टिम उघडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम बिलाशी जुळते का, विंडोज ॲक्टिव्हेट झालंय का, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत. स्क्रीनवर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून ठिपका दिसतो का बघा. सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह घालून तपासा, सेकंडहँड असेल तर पोर्टच्या आत टॉर्च मारून हिरवट-पांढरट थर आहे का ते बघा, असेल तर ते मशीन समुद्राकाठी राहून आलंय, ठेवा परत. सेकंडहँड लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवायला सांगा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. मशीनच्या खाली चिकटवलेला सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच आहेत ना ते बघून मोबाइलवर फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा, स्टिकरवरची अक्षरं आपल्या हवेत दोन वर्षांत पुसून जातात आणि वॉरंटीवाला पहिला तोच नंबर मागतो.